डावं पान मुलांचं

आरतीच्या वडिलांनी वही माझ्या टेबलावर ठेवली नाही, आपटली. तिच्यातून आइस्क्रीमची एक काडी, बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद आणि घड्या घातलेला एक निळा तुकडा बाहेर पडला. चाकणच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून ते थेट शाळेत आले होते. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोळे तांबारलेले.

“मॅडम, ही विज्ञानाची वही हाय का भेळंचा कागद?” त्यांनी विचारलं. “पोरीला शिकायला पाठवायलो मी. तुम्ही तिच्याकडून कातरकाम अन् चिकटवाचिकटवी करून घ्यायलेत. दहावीला काय गम लावून पास होणार हाय का ती?”

शिक्षक-खोलीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आरतीला बोलावून घेतलं.

आरती सातवीत होती. तिचं कुटुंब परभणीकडून नुकतंच दापोडीत राहायला आलं होतं. वर्गात ती तोंड उघडत नसे. तिचं ‘करायलेत’, ‘जायलेत’ ऐकून मुलं हसायची, म्हणून तिने बोलणंच बंद करून टाकलं होतं.

“आरती, हे पान पप्पांना समजावून सांग,” मी म्हटलं.

ती वडिलांकडे बघेना. पण वही सरळ करून तिने पडलेली काडी जागेवर बसवली. पानावर तिने विजेचा मार्ग बनवला होता. एका बाजूला सेलचं चित्र, दुसऱ्या बाजूला दिवा आणि मधली तार म्हणून तो चंदेरी कागद कापून चिकटवलेला. तार एका ठिकाणी तुटलेली होती आणि तिथे टाचणीवर फिरणारी, तोच कागद गुंडाळलेली ही काडी होती.

“पप्पा, काडी इकडं केली की कागद कागदाला टेकतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग रस्ता पुरा होतो. रस्ता पुरा झाल्याबिगर करंट जात न्हाई.”

वडिलांनी काडी फिरवली. परत फिरवली. मग जरा वाकून म्हणाले, “आमच्या लाईनला लाल बटण हाय. दाबलं की सगळं गप होतं. मला वाटायचं ते करंट दाबून धरतंय.”

“दाबून न्हाई धरत. रस्ता तोडतंय.”

तेवढ्यात शाळेजवळच्या रुळांवरून लोकल गेली. आमच्या शाळेत गाडी गेली की सगळ्यांनीच बोलणं थांबवायचं असा रिवाज. गाडी जाईपर्यंत बाप-लेक दोघं त्या काडीकडे बघत राहिले. आवाज विरल्यावर वडील उठले.

“चिकटवू द्या मॅडम,” ते म्हणाले. “पण अक्षर तेवढं नीट काढायला लावा.”

आणि मी? मी बाहेरून गंभीर चेहरा केला होता, पण आतून मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. आरतीची सलग तीन वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली होती!

आता ही भेळेच्या कागदासारखी वही म्हणजे काय, ते सांगायला हवं. शाळा सुटून ज्यांना बरीच वर्षं झाली, त्यांना आपली वही आठवत असेल. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, समास सोडायचा, शीर्षकाखाली रेघ मारायची. शिक्षकांनी लाल शाईने बरोबरची खूण करायची, खाली सही आणि तारीख. मीही पंचवीसेक वर्षं अशा वह्या तपासल्या. एका वर्गाच्या साठ वह्या तपासल्या की साठ वेळा तोच मजकूर वाचलेला असायचा, तोही माझाच. काही वह्या इतक्या सुंदर असत की डोळे निवत. पण त्या सुंदर वहीवाल्या मुलाला वही मिटवून प्रश्न विचारला की तो छताकडे बघायचा.

मग एका प्रशिक्षणात एका तरुण शिक्षिकेने आम्हाला नवीन प्रकार दाखवला. नाव लांबलचक, ‘इंटरॅक्टिव्ह स्टुडंट नोटबुक’. प्रकार मात्र सोपा. वही उघडली की उजवं पान शिक्षकांचं. त्यावर व्याख्या, आकृती, प्रयोगाची कृती, परीक्षेला लागतं ते सगळं. समोरचं डावं पान मुलाचं. उजवीकडे जे शिकलो त्याचं मी काय केलं, ते डावीकडे. चित्र काढा, कागदाच्या उघडमिट खिडक्या चिकटवा, घरी पाहिलेलं लिहा, पटलं नसेल तर भांडा, प्रश्न विचारा. अट एकच, डावं पान दुसऱ्याचं बघून करायचं नाही.

त्या शिक्षिकेच्या चित्रांतल्या वह्या रंगीबेरंगी, देखण्या होत्या. आमच्या वर्गातलं पहिलं डावं पान बहुतेकांनी कोरं ठेवलं. काहींनी त्यावर गुलाबाचं फूल काढलं. धडा होता आम्ल आणि आम्लारीचा. “फूल कशासाठी?” विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, तुम्हीच म्हणालात काहीपण काढा.”

आठवडाभर माझी पंचाईत झाली. शेवटी मी स्वतःची एक वही घातली. उजवीकडे धडा, डावीकडे माझं. डाव्या पानावर मी लिहिलं की आईने चिंच लावून घासलेली तांब्याची कळशी लख्ख का व्हायची, हे मला बी.एस्सी. होईपर्यंत कळलं नव्हतं. शेजारी कळशी काढली. ती वही मी तपासायला मुलांकडे दिली. लाल पेनसकट!

काय आनंद झाला त्यांना! ओंकार नावाचा एक पोरगा होता, पिंपळे गुरवच्या जुन्या गावकीतल्या घरातला, जिभेला हाड नसलेला. त्याने माझ्या कळशीवर लाल गोल केला आणि खाली शेरा मारला, ‘कळशी चपटी आली आहे. पुन्हा काढा.’ मी पुन्हा काढली. त्या दिवसापासून डावं पान भरायला लागलं.

पचनाच्या धड्याला ओंकारने डाव्या पानावर बसचा मार्ग काढला. प्रवासी म्हणजे घास. तोंड हा पहिला थांबा, तिथे गर्दी कापून बारीक करणारे कंडक्टर म्हणजे दात. जठर म्हणजे मोठा डेपो, गाडी इथे बराच वेळ उभी. लहान आतड्यात सगळे कामाचे प्रवासी उतरतात. शेवटच्या थांब्याचं नाव त्याने जे लिहिलं होतं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण त्या वर्षी पचनसंस्थेचा क्रम वर्गातल्या एकाही मुलाचा चुकला नाही.

अशा पानांनी वह्या फुगायला लागल्या. मिटेनाशा झाल्या. दप्तरात मावेनात. गम संपला की मुलं भाताची शितं लावायची, मग कपाटात मुंग्या व्हायच्या. आमचे मुख्याध्यापक मोरे सर शिस्तीचे आणि मनाने चांगले. स्वतःचं अक्षर छापल्यासारखं. त्यांना त्या वह्या बघवेनात.

“मॅडम, मुलं खूश आहेत हे मला दिसतंय,” एकदा त्यांनी मला बोलावून सांगितलं. “पण सहामाहीच्या आधी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार. ते वह्या बघतात, वर्ग नाही बघत. त्यांनी नापसंत केलं तर मला तुमच्या पाठीशी उभं राहता येणार नाही. मग आपली नेहमीची वही.”

“आणि पसंत केलं तर?”

“तर पाचवीपासून सगळ्या वर्गांना लावू. विज्ञानाला आणि भूगोलालाही.”

मी जवळजवळ उडीच मारली. सगळ्या वर्गांना! मुलांना सांगितलं तर ती कामालाच लागली. जुनी डावी पानं परत उघडून त्यात भर घालू लागली. आरतीने दिव्याच्या चित्रामागे पिवळा जिलेटीन कागद लावला. मला तपासणीची भीती वाटायच्या ऐवजी साहेब कधी एकदा येतात असं झालं.

साहेबांच्या आधी पाणी आलं.

श्रावणात धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या सखल गल्ल्यांमध्ये ते शिरलं. दापोडीला हे नवीन नाही. पण त्या वेळी पाणी भरभर चढलं. लोकांना जेमतेम लेकरं आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडता आलं. आमच्या शाळेत त्यांची सोय केली. माझ्या सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून चार कुटुंबं राहिली, त्यांत आरतीचंही. तिची आई बाकावर बसून धाकट्याला वरणभात भरवत होती आणि आरती खिडकीत उभी राहून पाण्याकडे बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“मॅडम, वही ऱ्हायली,” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, वहीचं काय एवढं, माणसं सुखरूप आहेत ना. हे खरंच होतं. तरी मला वाईट वाटलं, हेही खरं.

पाणी उतरलं, लोक घरी जाऊन चिखल उपसू लागले आणि शाळा पुन्हा भरली. वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या वह्या गेल्या होत्या. काहींच्या मिळाल्या, पण चिखलाचा लगदा होऊन. ज्यांची घरं उंचावर होती त्यांच्या तेवढ्या वाचल्या. आजही मला हळहळ वाटते ती याची, की त्या पानांचे मी फोटो काढून ठेवले नाहीत. फोन हातात असायचा, पण वाटायचं, वह्या तर इथेच आहेत.

स्वयंसेवी मंडळींनी कोऱ्या वह्या आणून दिल्या. मी मुलांना म्हटलं, मित्रांच्या वह्या घ्या आणि उतरवून काढा. सगळे बसले. थोड्याच वेळात आरतीने हात वर केला. वर्गात, आपणहून, पहिल्यांदाच!

“मॅडम, उजवं पान हिचं बघून लिव्हलं. डावं कुणाचं बघू?”

उजवं पान कुणाकडूनही मिळत होतं. डावं जगात कुणाकडेच नव्हतं. ते एकतर तिच्या डोक्यात होतं, नाहीतर कुठेच नव्हतं.

“कुणाचंच नाही,” मी म्हटलं. “वही मिटा सगळ्यांनी. डोळे मिटून आठवा. जसंच्या तसं आलं नाही तरी चालेल.”

जसंच्या तसं कुणाचंच आलं नाही. पण जे आलं ते वाचताना माझं भान हरपलं. ओंकारची वही पुरातून वाचली होती, तरी तो हट्टाने नवीन वही मागून बसला. त्याच्या बसच्या मार्गावर आता पूर आला होता आणि आतड्यातले प्रवासी अडकून पडले होते. खाली लिहिलं होतं, ‘बद्धकोष्ठ’. एका मुलीने पाणी गाळण्याच्या धड्याला शाळेत आलेल्या टँकरचं पाणी, नदीचं पाणी आणि नळाचं पाणी अशा तीन बाटल्यांची चित्रं काढून, आईने तुरटी कशी फिरवली ते लिहिलं. मुलांनी नुसतं आठवून लिहिलं नव्हतं. मधल्या काळात जे पाहिलं होतं, त्याच्याशी धडा जोडला होता.

पुढचा धडा घनतेचा होता. वस्तू का तरंगते, का बुडते. मी उजवं पान दिलं. पाण्यापेक्षा घनता जास्त तर बुडते, कमी तर तरंगते. डाव्या पानासाठी सांगितलं, ‘पुरात काय तरंगताना पाहिलं आणि काय बुडालं?’ पुराबद्दल विचारावं की नको, अशी मला धाकधूक होती. पण मुलांना त्याबद्दल बोलायचंच होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, चपला, नारळ, गादी आधी तरंगली मग बुडाली, शिलाई मशीन बुडालं. पानं ओसंडून वाहू लागली.

त्याच आठवड्यात साहेब आले.

मध्यम वयाचे, शांत, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे गृहस्थ. मोरे सर त्यांच्याबरोबर होते, हातातल्या रुमालाने मान पुसत. साहेबांनी वह्या मागितल्या. निम्म्या वह्या जाड्याजुड्या, निम्म्या नव्याकोऱ्या आणि पातळ. त्यांनी पूर आल्याचं विचारलं, मी सांगितलं. मग ते पानं उलटू लागले. चेहऱ्यावर काहीच दिसेना. उजवं पान बघत, डावं बघत आणि पान उलटत.

आरतीच्या वहीपाशी ते थांबले.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

आरती उभी राहिली.

“तू लिहिलंयस, रिकामं सिलिंडर तरंगत होतं आणि भरलेलंही तरंगत होतं. समोरच्या पानावर लिहिलंय, पाण्यापेक्षा घनता जास्त तर बुडते, आणि लोखंडाची तर जास्तच. मग?”

ती काही बोलायच्या आधी ओंकार उठला. “चुकलंय तिचं, साहेब! रिकामं तरंगंल, भरलेलं कसं तरंगंल? आमच्या आज्याला एकट्याला उचलत न्हाई भरलेलं.”

“म्या बघितलंय,” आरती म्हणाली.

“रिकामंच असंल ते.”

“आमच्या घरातलं व्हतं! आदल्या दिवशीच आणलेलं, वरचं टोपणबी काढलेलं न्हवतं. जिन्यावरून बघायलते मी. दारातून बाहेर पडलं अन् गल्लीनं गेलं.”

वर्ग फुटला. अर्धी मुलं ओंकारकडून, अर्धी आरतीकडून. कोण म्हणे प्रवाहाने ढकललं असेल, कोण म्हणे गॅस हलका असतो म्हणून तरंगलं. त्यावर तिसरा ओरडला, मग भरलेलं रिकाम्यापेक्षा जड का लागतं? मोरे सर हाताने ‘गप्प बसवा’ अशी खूण करत होते. मला ते दिसत होतं आणि मी चक्क दुसरीकडे बघत होते. तपासणी चालू आहे हे मुलं विसरली होती. परभणीची पोरगी पिंपळे गुरवच्या पोराशी तावातावाने भांडत होती आणि तिच्या बोलण्याला कुणीही हसत नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, बरोबर कोण?”

“मला माहीत नाही, साहेब,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मलाही ओंकारचंच पटत होतं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “मलाही नाही,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. “सिलिंडर मिळेल का?”

मोरे सर शाळेच्या मागच्याच गल्लीत राहायचे. त्यांच्याकडे नवं सिलिंडर आलेलं होतं, सील न तोडलेलं. शिपाईमामा ते स्कूटरवरून घेऊन आले. वर्गाच्या मध्यभागी ते ठेवलं तेव्हा पाहुण्याला बघावं तशी मुलं त्याला बघू लागली.

पुढचं मी काही केलं नाही. साहेबांनीच खडू हातात घेतला. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या पट्टीवर कोरलेलं असतं, ते ओंकारने मोठ्याने वाचलं. त्यात आतल्या गॅसचं वजन मिळवलं. बेरीज तीस किलोच्या जरा आत आली. मग सिलिंडरला सुतळी गुंडाळून घेर मोजला, पट्टीने उंची मोजली. वरचा-खालचा गोलावा अंदाजाने वजा केला आणि त्याने किती जागा अडवली ते काढलं. पस्तीस लिटरच्या वर.

“एक लिटर पाणी किती किलो?” साहेबांनी विचारलं.

“एक!” वर्ग ओरडला.

“मग हे पूर्ण बुडायचं तर याला किती किलो पाणी बाजूला सारावं लागेल?”

पहिल्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, “पस्तीसाच्या वर.”

“आणि याचं स्वतःचं वजन?”

ओंकार फळ्याकडे बघत होता. त्याने आकडे मनात पुन्हा मांडले असावेत. मग हळूच म्हणाला, “आयला, तरंगंल की हे.”

“गणितात तरंगेल,” साहेब म्हणाले. “पाण्यात?”

शाळेच्या मागे झाडांना पाणी घालायचा जुना सिमेंटचा हौद आहे. आम्ही सगळे तिकडे निघालो. बातमी आधीच पसरली होती. बाकीचे वर्गही खिडक्यांतून, मग दारातून, मग सरळ मैदानात आले. मोरे सरांनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला आणि लगेच सोडून दिला, कारण त्यांना स्वतःलाच पुढे उभं राहायचं होतं. शिपाईमामांनी आणि साहेबांनी सिलिंडरच्या कड्याला दोर बांधला. साहेबांनी पँट घोट्याच्या वर दुमडली होती.

“सोडू?”

“सोडा!”

सिलिंडर पाण्यात गेलं. खाली गेलं, आणखी खाली गेलं, वर पाणी उसळलं. ओंकार ओरडला, “बुडालं!” आणि त्याच क्षणी ते वर आलं. तिरपं झालं, डुललं, लाल पाठ पाण्याबाहेर काढून हौदात हेलकावे खाऊ लागलं. दोर सैल पडला होता!

असा कल्लोळ मी आमच्या शाळेत ना त्याआधी ऐकला, ना नंतर. पाचवीची मुलं नाचत होती, त्यांना तर भांडण काय होतं हेही माहीत नव्हतं. मोरे सर, ते छापील अक्षराचे मोरे सर, दोन्ही हात वर करून ओरडत होते, “माझं सिलिंडर आहे ते, माझं!” गाडी गेली, पण त्या आवाजात ती कुणाला ऐकूच गेली नाही. आरती हौदाच्या कडेला उभी होती. ती ओरडत नव्हती. नुसती हसत होती, सगळे दात दाखवून.

ओंकार तिच्याजवळ गेला. मला वाटलं आता काहीतरी खोचक बोलणार.

“तू जिन्यावरून बघितलंस ना?” त्याने विचारलं. “किती वर व्हतं पाण्याच्या? असंच?”

“असंच,” ती म्हणाली. “जरा जास्त तिरपं.”

“का?”

“कुणास ठावूक. पाणी गढूळ व्हतं म्हणून असंल.”

आणि दोघं तिथेच, ओल्या हौदाच्या कट्ट्यावर, गढूळ पाण्यात जास्त तरंगतं का याच्यावर वाद घालायला बसली. साहेब त्यांच्या बोलण्याकडे कान देऊन उभे होते. जाताना त्यांनी माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. चांगलं होतं, सरकारी भाषेत होतं. पण दिवाळीनंतर पाचवी ते आठवीला विज्ञान आणि भूगोलाच्या वह्या अशाच घातल्या गेल्या. मोरे सरांनी आपल्या पैशांतून गमचा एक मोठा डबा आणून कपाटात ठेवला. मुंग्या लागतात म्हणून भाताला तेवढी बंदी केली.

सगळं छानच झालं असं मात्र नाही. काही मुलांना डावं पान शेवटपर्यंत भीतीचं वाटलं. उजवीकडे मोत्यासारखं अक्षर आणि डावीकडे काहीच नाही, अशा वह्या दरवर्षी दोन-चार तरी असायच्या. त्यांना कसं बोलतं करावं, याचं उत्तर मला पूर्ण सापडलं नाही. आरतीही वर्षअखेरीला गेली. वडिलांना रोज दापोडीहून चाकणला जाणं झेपेना, म्हणून ती मंडळी तिकडेच राहायला गेली. दाखला न्यायला वडील आले होते. म्हणाले, “तिकडच्या शाळेत असलं चिकटवायचं असतंय का मॅडम? नसलं तर ही काय गप बसायची न्हाई.” मला त्याचं किती बरं वाटलं, ते त्यांना कळलं असेल की नाही कोण जाणे.

आता मी निवृत्त आहे. पण घरी बसवत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा चाकणजवळच्या एका शाळेत जाते. तिथली विज्ञानाची शिक्षिका नवी आहे, उत्साही आहे. दोघी मिळून वर्ग घेतो. मागच्या महिन्यात तिथल्या सहावीतल्या एका चिमुरडीने विचारलं, “मॅडम, लोहचुंबक थकतो का?”

तिचे काका भंगार उचलायच्या क्रेनवर आहेत. तिथला चुंबक वीज चालू असेपर्यंतच पकडतो, हे तिला ठाऊक होतं. तिला विचारायचं होतं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या चुंबकाबद्दल. सारखं ओझं धरून ठेवलं तर आपले हात भरून येतात, तसं त्याचं होतं का? वर्गातली निम्मी मुलं म्हणाली होतं, निम्मी म्हणाली नाही. एकजण म्हणाला, उलट व्यायाम होऊन ताकद वाढत असणार. मला पुस्तकातलं उत्तर येत होतं. मी जीभ चावली आणि ते सांगितलं नाही.

चुंबक खिडकीच्या गजाला टांगला. त्याला लोखंडी वॉशर चिकटवले, त्याला पेलतील तेवढेच. खाली पत्र्याचा डबा ठेवला, म्हणजे पडले तर आवाज होईल. मुलं रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी तिकडे पळतात, असं त्या शिक्षिका सांगत होत्या. सुट्टीच्या दिवशीही दोघी-तिघी शिपायाला गाठून दार उघडायला लावतात.

हा लेख लिहीत असतानाच फोन वाजला. त्या शिक्षिकेचा होता, पण त्यांना बोलायला मिळालंच नाही. मागून अख्खा वर्ग एका सुरात ओरडत होता, “मॅडम, अजून धरून आहे! अजून धरून आहे!”